गुलशनाबाद गेले, तारीख राहिली

नाशिकच्या पांडवलेण्यांत १९ व्या क्रमांकाचे लेणे लहान आणि साधे असल्याने बहुतेकांचे पाय शेजारच्या मोठ्या, नक्षीदार लेण्यांकडे वळतात. परंतु शब्दांचा माग काढणाऱ्याने थांबावे ते येथेच. सातवाहन कुळातील कण्ह राजाच्या काळात नासिकच्या एका महामात्राने हे ‘लेण’ करविले, एवढेच तेथील ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख सांगतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या लेखातील ‘नासिक’ आणि ‘लेण’ हे दोन्ही शब्द आज शहरातल्या कोणत्याही रिक्षावाल्याला उलगडून सांगावे लागत नाहीत. (‘लेण’ हे संस्कृत ‘लयन’चे प्राकृत रूप, अंगावर घालायचे लेणे निराळे.) या बौद्ध विहारांशी पांडवांचा काही संबंध नसला, तरी लोकांनी दिलेले नाव मात्र पांडवांचेच राहिले.

मोगल अमदानीत नाशिकचे नाव ‘गुलशनाबाद’ झाले. फारसीत ‘गुलशन’ म्हणजे फुलबाग, त्यामुळे नाव वाईट होते असे म्हणवत नाही. तथापि पेशव्यांची सत्ता येताच ते मागे पडले आणि जुने नाव पुन्हा रूढ झाले. गंमत अशी की, शहराचे फारसी नाव ज्यांच्या काळात गेले त्यांचे स्वतःचे पदनाम फारसीच होते. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी पेशवा या पदाला ‘पंतप्रधान’ हे संस्कृत नाव मिळाले होते, तरीही लोक ‘पेशवे’च म्हणत राहिले आणि पुढे साऱ्या कालखंडालाच ‘पेशवाई’ म्हणू लागले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रचलेल्या राज्यव्यवहारकोशात दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. त्यांतले ‘अमात्य’, ‘सचिव’ टिकले, पण ‘कागद’ आणि ‘हुकूम’ जागचे हलले नाहीत.

शहराजवळच्या भगूर येथे १८८३ मध्ये जन्मलेल्या विनायक दामोदर सावरकरांनी हेच काम विसाव्या शतकात नव्या हिरिरीने हाती घेतले. त्यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या शब्दांपैकी ‘महापौर’ इतका रुळला की नाशिक महानगरपालिकेच्या बातमीत ‘मेयर’ वाचले तर आता तेच खटकते. ‘दिनांक’ची गोष्ट वेगळी आहे. अर्जाच्या उजव्या कोपऱ्यात तो न चुकता छापलेला असतो, मात्र कोर्टातून बाहेर येणारा पक्षकार ‘पुढची तारीख मिळाली’ असेच सांगतो. माझ्या मते यात पराभव कोणाचाच नाही. एका शब्दाला कागद मिळाला, दुसऱ्याला तोंड.

काही शब्द तर कोणाच्याही आज्ञेविना आले. नाशिकवर पोर्तुगिजांचे राज्य कधीच नव्हते, तरी लासलगावच्या बाजार समितीत रोज सकाळी जो ‘लिलाव’ सुरू होतो, तो शब्द पोर्तुगीज ‘लेइलाँव’वरून आलेला आहे. कांद्याच्या ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर पाहत व्यापाऱ्यांचा घोळका पुढे सरकतो, कोणी मूठभर माल हातात घेऊन चोळून पाहतो आणि क्विंटलचा भाव पुकारला जातो. त्या पुकारण्याला तेथे म्हणतात ‘बोली’, आणि हा शब्द मात्र घरचा.