हेड गॅस्केट की जॅकेटचं रबर? वासरबॉक्सरमध्ये गळतं ते काय

फोक्सवॅगन टी3 व्हॅनच्या मागच्या बाजूला कूलंटचा थेंब दिसला की निदान तयारच असतं: ‘हेड गॅस्केट गेलं.’ मग हेडचे नट आणखी कसायचे, आणि तरी ठिबकलं की जर्मनांना शिव्या घालायच्या. 1.9 लिटर असो की 2.1, टी3 च्या या पाण्याने थंड होणाऱ्या वासरबॉक्सर इंजिनात आपल्या ओळखीचं हेड गॅस्केट मुळात नाहीच.

ओम्नीचं सगळ्यांना ठाऊक आहे. ब्लॉक आणि हेड (सिलिंडरवरचं झाकण) यांच्या मध्ये एकच गॅस्केट. जाळ, पाणी, ऑइल सगळं तेच अडवतं. उडालं की रेडिएटरमध्ये बुडबुडे, सायलेन्सरमधून पांढरी वाफ, नाहीतर पाणी मिसळून ऑइलचा चहा. एवढं पुरे.

वासरबॉक्सरमध्ये दोन-दोन सिलिंडर समोरासमोर आडवे. बिडाचे सुटे लायनर (पिस्टन ज्यात सरकतो ती नळकांडी) अ‍ॅल्युमिनियमच्या केसमध्ये (इंजिनाच्या कवचात) बसवलेले, भोवती पाणी. जाळ अडवते ती लायनरच्या तोंडावरची धातूची रिंग. पाणी बाहेर येऊ देत नाही ती वेगळीच वस्तू: हेडची कड आणि केसची कड यांच्यामधली रबरी चौकट, म्हणजेच जॅकेटचं रबर. आता नट कसले की दाब जातो कुठे? लायनरवर. रबर फक्त उरलेल्या फटीत दबून बसतं. हेड लायनरला टेकल्यावर कितीही कसा, फट कमी होत नाही. ताण येतो तो स्टडवर, म्हणजे नट ज्यावर बसतात त्या केसमधल्या दांड्यांवर. वर्षानुवर्षं पाण्यात राहून गंजलेला स्टड केसमध्येच तुटला, की पन्नास रुपयांच्या हट्टापायी केस ड्रिल करायची वेळ येते.

कूलंटमध्ये जाळाचा वायू शिरलाय का ते दाखवणाऱ्या ब्लॉक टेस्टरचं निळं पाणी पिवळं होत नाही म्हणून टेस्टवरच संशय घेणारेही भेटतात. टेस्ट बरोबर आहे. ती धातूच्या रिंगेची आहे, गळतंय रबर.

आणि रबराचाही दोष क्वचितच असतो. जुन्या कूलंटमधलं गंजरोधक संपलं की रबराखालची हेडची कड कुरतडत जाते. त्या खड्ड्यांवर नवं रबर ठेवलं तर पाणी खालून वाट काढणारच. हेड उतरवल्यावर कड प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, ग्राइंडरवर वायर ब्रश लावून नाही. मग त्यावरून नख फिरवा. नख अडकणारा खड्डा रबराच्या पट्ट्यात येत असेल तर आर्गॉन वेल्डिंगने भरून मशीनिंग, नाहीतर दुसरं हेड. एपॉक्सी भरणाऱ्यांनी पुन्हा हेड उतरवायची तयारी ठेवावी.

‘कडेला जरा फेसिंग मारून द्या’ (म्हणजे घासून सपाट करा) हे लेथवाल्याला सवयीने सांगू नका. ओम्नीत ते चालतं. इथे नुसत्या कडेचं मटेरियल काढलं की हेड आणि केसमधली फट वाढते आणि रबर सैल बसतं.

बसवताना लायनरच्या सगळ्या रबरी रिंगा नव्या घ्या. किटमध्ये आलेल्या सीलंटची दोन मिलिमीटरपेक्षा जाड नसलेली रेघ रबराच्या हेडकडच्या तोंडावर ओढा. बाजारू सिलिकॉन ट्यूबभर पिळणाऱ्यांचे गोळे पुढे रेडिएटरच्या नळ्यांत सापडतात. टोपी नटांखालीही सीलंट हवंच, कारण स्टड पाण्यातून येतात; हे विसरलं की थेंब नटातून येतो आणि खापर पुन्हा रबरावर. नट मॅन्युअलमधल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच.

कूलंट फॉस्फेटमुक्त, डिस्टिल्ड पाण्यात निम्मंनिम्म, दर 2 वर्षांनी नवं. नळाचं पाणी नको. रेडिएटर पुढे, इंजिन मागे, मध्ये लांबलचक पाइप. तेव्हा भरताना गाडीचं नाक वर उचला आणि रेडिएटरचा ब्लीड स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत थांबा.