रेझिन मूर्तींचे रंगकाम : जुन्या भयपटांतील राक्षस

जुन्या भयपटांतील राक्षसांच्या, सुट्या भागांत मिळणाऱ्या रेझिनच्या मूर्ती जोडून हाताने रंगवण्याचा छंद. सिलिकॉनच्या साच्यात पॉलियुरेथेन रेझिन ओतून अशा मूर्ती थोड्या संख्येने काढतात. १९८०च्या दशकात जपानी छंदिष्टांनी हा प्रकार रुजवला. अमेरिकेतील ऑरोरा कंपनीचा १९६१चा फ्रँकेनस्टाइन-संच याआधीचा. पण तो प्लॅस्टिकचा होता.

ग्रामीण विदर्भात हे सामान कुरियरनेच येते. हाताचे वळण मात्र इथे जुनेच आहे, कारण तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी आणि गणपती रंगवणारे हात गावात असतात. फरक एवढाच, की नंदीला चकाकी शोभते, राक्षसाला नाही.

खरा वाद रंगाचा. १९३१चा ‘फ्रँकेनस्टाइन’ हा चित्रपट कृष्णधवल होता. रंगभूषाकार जॅक पिअर्स यांनी राक्षसाची भूमिका करणाऱ्या बोरिस कार्लॉफ यांच्या चेहऱ्याला हिरवट रंग लावला, तो पडद्यावर प्रेतासारखा पांढुरका दिसावा म्हणून. पुढे खेळण्यांनी त्याच राक्षसाला पोपटी केले. राखाडी, पिवळट, शेवाळी यांतले काहीही चालते. पोपटी टाळलेला बरा.

साच्याचा तेलकट थर राहिला तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो, म्हणून भाग आधी भांड्यांच्या साबणाने धुतात. वाकडा भाग गरम पाण्यात धरला की सरळ होतो. बुडबुड्यांची भोके एम-सीलने बुजवून पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फिरवतात. कोरडे घासू नये, रेझिनची धूळ छातीत जाते. मग प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर.

चेहऱ्यात सगळ्यात अवघड डोळे. कार्लॉफच्या पापण्या मेणाने जड केलेल्या होत्या. म्हणून बुबुळ पूर्ण गोल काढायचे नाही, त्याचा वरचा भाग पापणीखाली दडवायचा. डोळ्याचा पांढरा रंगही निव्वळ पांढरा नको, त्यात थेंबभर पिवळा हवा. कपाळाच्या टाक्यांत पातळ तपकिरी रंग सोडतात. तो खाचेत उतरला की वरचा भाग ओलसर कापडाने टिपून घेतात.

बाकी सगळे हवामानाच्या हातात. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की अ‍ॅक्रिलिक कुंचल्यावरच वाळते. त्यावर उपाय म्हणजे झाकणाच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग. स्प्रे मूर्तीपर्यंत पोचण्याआधीच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो, त्यामुळे ते काम पहाटे उरकावे. कुलरसमोर तर नकोच, ओलावा आणि धूळ दोन्ही येतात. पावसाळ्यात मॅट वॉर्निशवर पांढुरकी साय धरते. उघडीप मिळेपर्यंत थांबणे भाग असते.

टिनाच्या छपराखाली उन्हाळ्यात रेझिन मऊ पडून मूर्ती घोट्यातून कलते. जोडतानाच पायांत सायकलच्या स्पोकचा तुकडा घातला तर ती उभी राहते.