पाच नट, एक दोरा आणि कापलेले गुण

गेल्या हिवाळ्यात सांगलीजवळच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून गेलो होतो. ज्वालामुखी होते, ठिबक सिंचन होतं, थर्माकोलचं कोयना धरण होतं. कोपऱ्यातल्या टेबलाशी सहावीतली एक मुलगी दोरा, पाच नट (बोल्टला लावतात ते) आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन उभी होती. तक्त्यावर ठळक अक्षरात निष्कर्ष: 'वजन वाढवलं की लंबक सावकाश हलतो.' एक नट लावून 20 झोके 28.4 सेकंदांत, पाच नट लावून 29.5 सेकंदांत. प्रत्येक वेळी तीनतीनदा मोजलेलं.

माझ्याबरोबरच्या परीक्षकांनी गुण कापले. लंबकाचा दोलनकाल, म्हणजे एका झोक्याला (जाऊन परत यायला) लागणारा वेळ, वजनावर अवलंबून नसतो, असं पुस्तकात स्पष्ट लिहिलंय म्हणाले. मीही मान डोलावली. शेजारच्या टेबलावर एका मुलाचे आकडे अगदी पुस्तकाबरहुकूम होते, दशांश चिन्हापुढेसुद्धा फरक नाही. त्याला बक्षीस दिलं. घरी येताना मात्र ते 1.1 सेकंद काही डोक्यातून जाईना. पोरीला आकडे बनवायचेच असते, तर तिनेही पुस्तकातलेच बनवले असते की!

रात्री जेवणं झाल्यावर खिडकीच्या गजाला दोरा बांधला आणि तिने केलं होतं तसंच केलं. तिने पाचही नट एकाखाली एक बांधले होते, माळेसारखे. माझेही आकडे तिच्यासारखेच आले.

आता गंमत बघा. प्रयोगात आपण मुद्दाम जे बदलतो ते स्वतंत्र चल, त्याचा परिणाम म्हणून जे मोजतो ते अवलंबी चल, आणि बाकीचं जे जागच्या जागी धरून ठेवतो ते नियंत्रित चल. या व्याख्या त्या मुलीला पाठ होत्या. 'दोऱ्याची लांबी सारखी ठेवली' असं तिने तक्त्यावर लिहिलंही होतं, आणि ते खरंच होतं. पण लंबकाची लांबी म्हणजे दोऱ्याची लांबी नव्हे. ती टांगलेल्या जागेपासून खाली लोंबणाऱ्या वस्तूच्या गुरुत्वमध्यापर्यंत, म्हणजे तिचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं त्या बिंदूपर्यंत, मोजायची असते. एक नट होता तेव्हा ती 50 सेंटीमीटर होती. दोन-दोन सेंटीमीटरवर आणखी चार नट लागले, तेव्हा पाचांचा गुरुत्वमध्य मधल्या, म्हणजे तिसऱ्या नटावर गेला. लंबक 54 सेंटीमीटरचा झाला. वजन बदलताना तिच्या नकळत लांबीही बदलली होती.

दोलनकाल लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. 25 सेंटीमीटरच्या लंबकाचा एक झोका साधारण 1 सेकंदाचा, 1 मीटरच्या लंबकाचा 2 सेकंदांचा: लांबी चौपट, वेळ दुप्पट. 50 चे 54 झाले म्हणजे लांबी 8 टक्के वाढली, वेळ सुमारे 4 टक्के. 28.4 चे 4 टक्के काढून पाहा, तेच 1.1 सेकंद. वजनाचा यात काहीच हात नाही. पाच नटांना पृथ्वी पाचपट जोराने ओढते हे खरं, पण त्यांना हलवायलाही पाचपट जोर लागतो, हिशेब तिथल्या तिथे मिटतो. (पुस्तकातलं वाक्यही पूर्ण नाही, बरं का. झोका छोटा असेल तरच ते सगळं जुळतं. लंबक दोन्ही बाजूंना 60-60 अंशांपर्यंत झुलत असेल तर दोलनकाल सुमारे 7 टक्क्यांनी वाढतो.)

ज्यांना नट-दोऱ्याचा कंटाळा आला असेल त्यांनी पंचमीचा झोका आठवावा. बसून झोका घेतला तर तो सावकाश येतो-जातो. फळीवर उभं राहिलं की गुरुत्वमध्य वर सरकतो, लंबक आखूड होतो आणि झोका लवकर परततो. एकीच्या शेजारी दुसरी येऊन बसली, तर वजन दुप्पट होऊनही वेळ तेवढाच.

आणि पंचमीचा विषय निघालाच आहे, तर नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेल्या शिराळ्याच्या जिल्ह्यात राहून हे बोललंच पाहिजे. 'नाग दूध पितो, आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.' पाहिलं असेल. पण गारुडी नागाला आधी कित्येक दिवस पाण्याविना ठेवतात. तहानलेला जीव समोर येईल त्यात तोंड घालतो. आपल्याला दूध दिसतं, तहान दिसत नाही. दुधाशेजारी पाण्याची वाटी कुणी ठेवली नाही, आणि पाणी पिऊन तृप्त असलेला नागही कुणी आणला नाही. (आणूही नये, 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.)

पुढच्या शनिवारी मी पुन्हा त्या शाळेत गेलो. निकाल लागून गेला होता, गुण परत देणं हातात नव्हतं. खिशात बांधकामावरच्या बाइंडिंग तारेचा एक हुक नेला होता. पाचही नट त्या एकाच हुकात शेजारीशेजारी अडकवले आणि गजापासून नटांच्या मध्यापर्यंत 50 सेंटीमीटर मोजून घेतले. मुलीच्या हातात स्टॉपवॉच, मैत्रीण झोके मोजायला. 28.4. 28.3. 28.5. मी खूश.

चौथ्यांदा दुसऱ्या मैत्रिणीने मोजलं आणि आले 27.0.

तिघी माझ्याकडे बघायला लागल्या. वजन तेच, लांबी तीच, झोकाही छोटाच. मीही गप्प. मग प्रयोग करणारीच म्हणाली, 'ए, तू सोडतानाच एक म्हणालीस ना?' म्हणाली होती. वीस म्हणेपर्यंत झोके एकोणीसच झाले होते. तेव्हापासून त्या सोडताना 'शून्य' म्हणतात.