गोधडी गट, नागपूर

जुनी लुगडी, धोतरे आणि शिंप्याकडची कातरण यांपासून गोधड्या शिवणाऱ्या स्त्रियांचे, बचत गटाच्या पद्धतीने चालणारे मंडळ. पाश्चात्त्य देशांतील ‘क्विल्टिंग गिल्ड’शी, म्हणजे गोधडीकाम करणाऱ्यांच्या संघाशी (ब्रिटनमधील क्विल्टर्स गिल्डची स्थापना १९७९) त्याची तुलना मर्यादित अर्थानेच करता येते. तेथे वार्षिक वर्गणी, मासिक सभा, शिकवणीवर्ग व प्रदर्शन असा क्रम असतो आणि सभासद बहुधा हौसेने येतात. नागपुरातील गट उभा राहतो तो दरमहाच्या बचतीवर.

नाव व पूर्वपीठिका : विदर्भात गोधडीला वाकळही म्हणतात, वऱ्हाडी उच्चारात ‘ळ’चा ‘य’ होऊन ‘वाकय’. संस्कृत वल्कल, प्राकृत वक्कल, मराठी वाकळ ही परंपरा ध्वनिदृष्ट्या निर्दोष असून ग्राह्य वाटते. ‘गोधडी’चा उगम तितका सरळ नाही. हिंदी गुदडी व कन्नड कौदी या दोहोंशी तिचे साम्य दिसते. अंत्य ‘-डी’ पाहता गुदडीचा पक्ष अधिक बळकट ठरतो, मात्र मधल्या ‘ध’चा उलगडा त्यानेही होत नाही. पाणिनीच्या २.४.२० या सूत्रातील ‘कन्था’ (संस्कृतात चिंध्यांचे पांघरूण) हा शब्द गोधडीचा प्राचीनतम पुरावा म्हणून काही ठिकाणी दिला जातो. ते सूत्र उशीनर या प्राचीन देशातील स्थलनामांच्या अंत्यपदाविषयी असल्याने तो आधार सोडून देणे बरे.

कारागिरांच्या संघाने पैसा सांभाळून व्याज देण्याची चाल मात्र महाराष्ट्रात खात्रीने जुनी आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धन येथील दोन कोलिकनिकायांकडे, म्हणजे कोलिकांच्या संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवले : २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, उरलेले १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातील मुक्काम) करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी (भिक्षूच्या वस्त्रासाठी) द्यायचे होते. वर्षाचे व्याज २४० होते आणि वाटपही २४०च. हिशेब तंतोतंत जुळतो. ‘कोलिक’ म्हणजे विणकर, हा अर्थ सर्वसाधारणपणे मान्य आहे. लेखातील ४२ हे वर्ष शकाचे मानल्यास इ. स. १२० येते, ते नहपानाच्या स्वतःच्या कालगणनेतील मानणारे अभ्यासक लेख पहिल्या शतकात नेतात, आणि अलीकडे कल त्यांच्याकडे आहे. या निकायांचा आजच्या गटांशी सलग धागा जोडता येत नाही. साम्य आहे ते रीतीचे.

आजचे स्वरूप : महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ मध्ये स्थापन झाले. नाबार्ड या राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने १९९२ मध्ये ५०० बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम हाती घेतला आणि पुढे हीच पद्धत रूढ झाली. गटात सामान्यतः १० ते २० सभासद असतात. वीसच्या मर्यादेचे मूळ १९५६च्या कंपनी कायद्याच्या कलम ११ मध्ये आहे : नफ्यासाठी एकत्र आलेल्या विसांहून अधिक व्यक्तींच्या मंडळाला नोंदणी सक्तीची होती. २०१३च्या कायद्याखाली ही मर्यादा ५० झाली, तरी गटांनी जुना आकडा सोडला नाही. तोच सोयीचाही आहे, कारण त्याहून अधिक बायका एका खोलीत गोधडी पसरून बसू शकत नाहीत.

अध्यक्ष, सचिव व कोषाध्यक्ष सभासदांतूनच निवडतात. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड व हिशेब ही पंचसूत्री. अंतर्गत कर्जाचे व्याज बहुधा दरमहा शेकडा दोन. ते गटाच्याच पेटीत परत येते. बँक बचतीच्या एक ते चारपट कर्ज देते.

शिवणकाम : नऊवारी लुगडे सुमारे ८.२ मी. लांब. त्याचे चार सारखे तुकडे करून दोन-दोन जोडले की दोघांच्या गोधडीची वरची व खालची बाजू एकाच लुगड्यातून निघते. मधे जुन्या कपड्यांचे थर. कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा ठेवून कापड ताणतात, कच्चे टाके घालतात, मग चौघी चार बाजूंना बसून कडेकडून आत धावदोरा नेतात. बैठकीचे इतिवृत्त याच वेळी लिहिले जाते, आणि नवशिकीला कडेची जागा देतात. मध्याला सुरकुती न पाडता पोचणे हे जुन्या हाताचे काम. वापरून मऊ झालेले सुती लुगडे सर्वोत्तम. सिंथेटिक साडीवर टाका घसरतो, म्हणून ती बहुधा टाळतात.

सभासदत्वाचे लाभ : कर्ज सावकाराविना मिळते, हा पहिला लाभ, मुलांची फी, आजारपण, शिलाई यंत्र यांसाठी ते घेतले जाते. गांधीबागेच्या कापडबाजारातून अस्तर ठोक भावात एकत्र आणता येते. बाळासाठीची दुपटी हा हमखास खपणारा माल. हिवाळ्यात शहरात भरणारे हस्तकला मेळे, विशेषतः सिव्हिल लाइन्समधील दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारातील ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा, हे अशा मालाला गिऱ्हाईक भेटण्याचे ठिकाण.

किंमत ठरवताना कापड व दोऱ्याचा खर्च धरला जातो आणि टाक्यांची मजुरी पुष्कळदा सुटते. घरच्या गोधडीचे काम कधीच मोजले गेले नव्हते, ती सवय विक्रीतही टिकली आहे. चौघींचे तास वहीत मांडून त्यावरून भाव काढणे हा त्यावरचा साधा उपाय असून, हिशेबाची वही गटाकडे आधीच असते.