सीमापार नगरसहकार्य

दोन देशांतील शेजारी गावांनी पाणी, सांडपाणी, दवाखाना, शाळा, बससेवा, अग्निशमन अशा रोजच्या गरजा मिळून भागवणे आणि त्यासाठी दोन्हीकडच्या कायद्यांतून व कारभारातून वाट काढणे, याला सीमापार नगरसहकार्य म्हणतात. मराठीत सीमाप्रश्न म्हटले की बेळगाव आठवते, म्हणजे सीमा कुठे असावी हा वाद. या नोंदीतला प्रश्न त्याहून निराळा आहे. इथे सीमा दोन्ही बाजूंना मान्य असते, माणसे सलोख्याने राहत असतात, पैसेही अनेकदा मंजूर झालेले असतात. तरीही काम अडते, कारण ‘ही आमची हद्द नाही’ हे वाक्य दोन्ही कचेऱ्यांत तितकेच खरे असते.

अडचणीचे मूळ नगरपालिकेच्या स्वरूपात आहे. तिला कायद्याने दिलेले तेवढेच अधिकार असतात आणि ते तिच्या हद्दीपुरतेच चालतात. परदेशाशी करार करणे हे सरकारचे काम, त्यामुळे नदीपलीकडच्या नगराध्यक्षाशी सांडपाण्याबद्दल केलेला लेखी समझोताही अधिकाराबाहेरचा ठरू शकतो. त्यापुढे प्रश्नांची रांगच लागते. निविदा कोणत्या देशाच्या नियमाने काढायची, कामगाराचा विमा कुठे भरायचा, अपघात झाला तर दावा कोणत्या न्यायालयात चालवायचा, एका देशात पास झालेली रुग्णवाहिका दुसऱ्या देशात निळा दिवा लावून धावू शकते का? सर्वांत चिवट अडचण मात्र अधिकारांच्या विषमतेची असते. जे काम एका बाजूला नगरपालिकेकडे असते तेच दुसऱ्या बाजूला प्रांताकडे किंवा थेट केंद्र सरकारकडे असते. मग चर्चेच्या टेबलाशी समोर नेमके कोणी बसायचे, इथूनच सुरुवात होते.

हे सारे एका ठिकाणी पाहायचे तर पिरेनीज पर्वतातील सेर्दान्याच्या पठारावर जावे. १६५९ च्या पिरेनीजच्या तहाने हे पठार स्पेन आणि फ्रान्स यांच्यात वाटले गेले. तहानंतर ३३ ‘खेडी’ फ्रान्सकडे गेली. ल्यिव्हिया हे ‘खेडे’ नसून ‘नगर’ आहे म्हणून ते स्पेनकडे राहिले, आणि आजही ते चहूबाजूंनी फ्रान्सने वेढलेले आहे. एका शब्दाच्या कायदेशीर अर्थाने गावाचे नशीब ठरल्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. ल्यिव्हियाहून स्पेनमधील पुजसेर्दाला जाणारा रस्ता फ्रेंच भूमीवरून जातो. त्याला छेदणाऱ्या फ्रेंच रस्त्यांवरील वाहनांना आधी जाऊ द्यायचे की याच रस्त्यावरच्या, यावरून १९७० च्या दशकात थांबण्याच्या पाट्या लागत आणि गावकरी त्या उखडून टाकत.

या पठारावर दोन्ही बाजू मिळून सुमारे ३० हजार लोक राहतात. फ्रेंच बाजूच्या रुग्णाला मोठे रुग्णालय गाठायचे तर घाट उतरून पेर्पिन्याँपर्यंत जावे लागे. हिवाळ्यात बर्फ पडला की बाळंतिणीसाठी तो रस्ता जिवावरचा. स्पॅनिश बाजूचे पुजसेर्दा काही मिनिटांवर होते, पण ते दुसऱ्या देशात. एकेकट्या बाजूला मोठे रुग्णालय परवडावे इतकी वस्ती नव्हती, दोन्ही मिळून ती होती. यातून पुजसेर्दा येथे सप्टेंबर २०१४ मध्ये सेर्दान्या रुग्णालय सुरू झाले. दोन देशांनी मिळून बांधलेले आणि मिळून चालवलेले हे युरोपातील पहिले रुग्णालय. बांधकामाचा खर्च सुमारे ३ कोटी १० लाख युरो होता, त्यातला मोठा वाटा युरोपीय संघाच्या प्रादेशिक विकास निधीने उचलला. चालवण्याच्या खर्चात कॅटलोनिया या स्पॅनिश प्रांताचा वाटा ६० टक्के आणि फ्रान्सचा ४० टक्के ठरला.

इमारत उभी राहण्याच्या आधीच, २०१० मध्ये, रुग्णालयासाठी एक कायदेशीर देह तयार करण्यात आला होता, आणि माझ्या मते खरे बांधकाम तेच होते. स्पेनमध्ये आरोग्यसेवा स्वायत्त प्रांताकडे, म्हणजे कॅटलोनियाकडे आहे. फ्रान्समध्ये ती केंद्र सरकारच्या हातात आहे. एक प्रांत आणि एक देश यांची भागीदारी जुन्या चौकटीत बसत नव्हती. ती ‘युरोपीय प्रादेशिक सहकार्य गट’ या नव्या प्रकारच्या संस्थेत बसली. संस्थेचे मुख्यालय पुजसेर्दाला असल्यामुळे तिला स्पॅनिश कायदा लागू झाला, आणि निविदा, नोकरभरती, हिशेब यांचे नियम कोणाचे, हा वाद मिटला.

पण जन्म आणि मृत्यू त्या चौकटीत सहज मावले नाहीत. फ्रेंच जोडप्याचे बाळ इथे जन्मले की त्याची नोंद स्पेनमध्ये करावी लागे, मग फ्रेंच दाखल्यासाठी वकिलातीकडे अर्ज. बाळाचे घर सायकलने जाण्याच्या अंतरावर, आणि कागदोपत्री ते परदेशात जन्मलेले! मृत्यूचे दुःख तर आणखी बोचरे. फ्रेंच रुग्ण इथे वारला तर त्याला दोन-चार किलोमीटरवरच्या आपल्या गावी नेणे ही आंतरराष्ट्रीय शववाहतूक ठरे आणि तिचे सगळे सोपस्कार शोकात बुडालेल्या घराला पुरे करावे लागत. ते हलके करायला दोन सरकारांमध्ये स्वतंत्र करार करावा लागला. तो २०१७ मध्ये मालागा येथे झाला.

वाट काढण्याच्या इतर तऱ्हा वेगवेगळ्या ठिकाणी दिसतात. नेदरलँड्समध्ये विखुरलेल्या बेल्जियमच्या २२ तुकड्यांचे बार्ले-हेर्टोग आणि त्याच्या अंगाखांद्याला लागून असलेले डच बार्ले-नासाऊ यांत सीमा घरांच्या आतून जाते. घराचा पत्ता कोणत्या देशाचा, हे मुख्य दरवाजा जिकडे असेल त्यावरून ठरवतात. दरवाजाशेजारच्या नंबरपाटीवर त्या देशाचा झेंडा असतो. स्वीडनमधील हापारांडा आणि फिनलंडमधील तोर्निओ यांच्या घड्याळांत एक तासाचा फरक आहे, पण दोन्ही नगरांचे सांडपाणी १९७० च्या दशकापासून एकाच केंद्रात शुद्ध होते. नॉर्डिक देशांनी १९७७ मध्येच करार करून आपापल्या नगरपालिकांना देशांतर्गत शेजाऱ्यांशी करता येते तसेच सहकार्य सीमेपलीकडे करण्याची मुभा दिली होती.

उर्वरित युरोपात सुरुवात १९५८ च्या सुमारास जर्मनीतील ग्रोनाऊ परिसरातील ‘युरेजिओ’ या डच-जर्मन नगरांच्या सीमापार संघटनेपासून मानतात. युरोप परिषदेने (ही युरोपीय संघाहून वेगळी संघटना) २१ मे १९८० रोजी माद्रिद येथे चौकट करार खुला केला. त्याने स्थानिक संस्थांनी सीमापार बोलणी करण्याचे तत्त्व मान्य झाले, पण अशा ठरावांना कायदेशीर बळ देण्याची सोय १९९५ च्या पूरक करारात आली. फ्रान्स, जर्मनी, लक्झेंबर्ग आणि स्वित्झर्लंड यांनी १९९६ मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे करार करून आपल्यापुरती वाट मोकळी केली. युरोपीय संघाने २००६ च्या नियमाने वर सांगितलेल्या सहकार्य गटाला जन्म दिला. असा पहिला गट २००८ मध्ये फ्रान्समधील लील आणि बेल्जियममधील कोर्तराईक व तुर्ने या नगरांभोवती स्थापन झाला.

सहकार्य गटामुळे एकत्र यायला घर मिळते, पण आड येणारा नियम बदलत नाही, ही त्याची मर्यादा. २०१९ च्या फ्रान्स-जर्मनी आखेन तहाने पुढचे पाऊल टाकले: सीमाभागातील प्रकल्प अडत असेल तर कायद्यात अपवाद करण्याची तयारी दोन्ही देशांनी त्यात लिहून दिली. फ्रान्समधील स्ट्रासबुर्गची ट्राम ऱ्हाइन ओलांडून जर्मनीतील केलपर्यंत एप्रिल २०१७ पासून धावते, ते याच सीमेवर.

ही सारी वीण किती नाजूक आहे हे मार्च २०२० मध्ये दिसले. करोनाच्या साथीत सरकारांनी सीमा बंद केल्या तेव्हा ती ट्राम नदीच्या अलीकडेच थांबू लागली. इटलीतील गोरित्सिया आणि स्लोव्हेनियातील नोवा गोरित्सा यांच्या सामाईक चौकातले कुंपण २००४ मध्ये काढले होते, तिथे पुन्हा जाळी उभी राहिली. बार्लेतील एका कपड्याच्या दुकानाचा बेल्जियममधला भाग बंद आणि डच भाग उघडा होता. दोन्ही राजधान्यांतले हुकूम आपापल्या जागी योग्य होते. दुकानाच्या मधोमध फीत लावून रांगा तपासायची वेळ मात्र गावावर आली.

युरोपीय संघाची सुमारे ४० टक्के भूमी सीमाप्रदेशांत मोडते आणि तिच्यावर सुमारे १५ कोटी लोक राहतात. त्यांच्यासाठी एका देशाचा नियम एखाद्या प्रकल्पापुरता शेजारच्या देशात लागू करण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये मांडला. सदस्य देशांच्या विरोधामुळे तो अनेक वर्षे रखडला आणि बराच सौम्य होऊन २०२५ मध्ये नियमाच्या रूपात संमत झाला. त्यानुसार अडचणीत सापडलेल्यांना आपले प्रकरण घेऊन जाता येईल असे समन्वय केंद्र सदस्य देशाला उभारता येते. केंद्राने प्रकरण तपासून पुढे काय होणार ते अर्जदाराला कळवायचे असते. नियम बदलायचा की नाही, याचा निर्णय मात्र त्या देशाकडेच राहतो.