खड्डा नेमका कुठे? रस्त्यांच्या नोंदी वेबवर नेताना

मंगळवेढ्याची ज्वारी ज्या काळ्या रानात पिकते, तीच माती रस्त्याखाली आली की त्रास देते. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरचं डांबरही तडकतं. शिवाय गाळपाच्या हंगामात उसाची वाहनं असतातच. आसावरचा भार दुप्पट झाला की झीज सुमारे १६ पट होते. मे महिन्यात दिसलेली बारीक भेग तेव्हाच बुजवली नाही, तर पावसाचं पाणी आत मुरतं आणि तिथे खड्डा पडतो. त्यामुळे भेगेची नोंद पावसाआधी पोहोचणं फार महत्त्वाचं.

जुन्या पद्धतीत ती कागदावर लिहिली जाते आणि कार्यालयातल्या एकाच संगणकात कधीतरी चढते. वेब प्रणालीत माहितीसाठा एका सर्व्हरवर असतो. शाखा अभियंता मोबाइलवर जे भरतो, तेच कार्यकारी अभियंत्याला ब्राउझरमध्ये दिसतं. हा भाग सोपा आहे. घोळ होतो तो पत्त्याचा.

जुन्या नोंदींत पत्ता साखळीने, म्हणजे रस्त्यावरच्या अंतराने दिलेला असतो: कि.मी. १२/४००, म्हणजे बाराव्या किलोमीटरच्या दगडापुढे ४०० मीटर. मोबाइल मात्र अक्षांश-रेखांश देतो. दोन्हींचा मेळ घालायचा तर आधी किलोमीटरच्या प्रत्येक दगडाचं स्थान जीपीएसने नोंदवावं लागतं. वळण सरळ केलेल्या ठिकाणी दोन दगडांतलं अंतर ९६० मीटरच भरू शकतं. म्हणून नेहमी मागच्या दगडापासून मोजावं. रस्त्याच्या सुरुवातीपासून सलग मोजलं, तर अशा चुका पुढे साठत जातात.

महामार्गांचे क्रमांक २०१० मध्ये बदलले, त्याचा फटका सोलापूरला जास्त बसतो. पुणे–हैदराबाद रस्ता ९ चा ६५ झाला. धुळ्याकडून येणारा २११ आणि विजापूरकडे जाणारा जुना १३, हे दोन्ही आता ५२ मध्ये आहेत. जुन्या फाइलींत सरसकट क्रमांक बदलले, तर दोन वेगवेगळे ‘कि.मी. १२’ एकाच महामार्गावर येऊन बसतात. यावर उपाय एकच: रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला कधीही न बदलणारा अंतर्गत क्रमांक द्यावा आणि महामार्ग क्रमांक ‘कधीपासून–कधीपर्यंत’ अशा तारखांसह वेगळा ठेवावा.

जुना मराठी मजकूर युनिकोड ही सामायिक अक्षरपद्धत येण्याआधीच्या फॉन्टमध्ये असेल, तर ब्राउझरमध्ये त्याची रोमन अक्षरांची खिचडी दिसते. रूपांतराचं साधन मिळतं, पण रफार आणि जोडाक्षरं हमखास चुकतात. गावांची नावं माणसानेच तपासावीत.

अक्षांश-रेखांशाचा क्रमही सगळीकडे सारखा नसतो. सोलापूरचे १७.६६ आणि ७५.९१ उलटे पडले, तर खड्डा थेट उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात उमटतो. जिल्ह्याच्या हद्दीबाहेरचा बिंदू प्रणालीने भरतानाच नाकारायला हवा.

रेंज नसेल तिथे नोंद फोनमध्येच साठावी आणि तिचा ओळख-क्रमांकही फोनवरच तयार व्हावा. तो सर्व्हरवर दिला, तर कमजोर नेटवर नोंद पुन्हा पाठवली जाते, एका खड्ड्याचे दोन होतात आणि अंदाजपत्रकही फुगतं. जीपीएस चालू केल्या केल्या स्थान घेऊ नये. दाखवलेली अचूकता १० मीटरच्या आत आली की मगच बटण दाबावं. उड्डाणपुलापाशी वरचा रस्ता की खालचा, हे माणसानेच निवडावं. ते बिंदूवरून कळत नाही.

एक पावसाळा दोन्ही पद्धती सोबत चालवाव्यात. दर आठवड्याला वेब यादीतल्या २० जागी मैलकुलीला (रस्त्याची देखभाल करणाऱ्या मजुराला) फक्त नकाशा देऊन पाठवावं. दोन-तीन ठिकाणी जरी खड्डा सापडला नाही, तरी कागदी वही बंद करू नये.