खारट काकडीत साखर शिरते तेव्हा

डिल पिकल म्हणजे शेपू, लसूण, मीठ आणि व्हिनेगरमध्ये मुरलेली काकडी. विकतची बरणी आणायची, पाणी काढून टाकायचं, काकडीच्या चकत्या करायच्या, वर साखर घालायची आणि बरणी फ्रीजमध्ये ठेवून द्यायची. आठवडाभरात आंबट-खारट काकडीची गोड, कुरकुरीत, काचेसारखी चकचकीत चकती होते. गॅस पेटवावासुद्धा लागत नाही. कृती इथेच संपली. पण साखर त्या चकतीत नेमकी शिरते कशी, हे कळलं नाही तर पदार्थ हमखास फसतो. माझा फसला होता.

पहिल्या खेपेला मी शहाणपणा केला. साखर आपसूक विरघळेपर्यंत कोण थांबणार, म्हणून दाट पाक करून गरमागरम चकत्यांवर ओतला. दुसऱ्या दिवशी बरणीत सुरकुतलेल्या, चिवट पट्ट्या तरंगत होत्या. बाहेरून गोड, आत पहिल्यासारख्याच आंबट.

ताज्या काकडीचं असं झालं असतं तर शाळेतल्या पुस्तकातलं उत्तर लागू पडलं असतं. जिवंत पेशीभोवतीचं पटल पाण्याला वाट देतं आणि साखरेला अडवतं, म्हणून पेशीतलं पाणी बाहेरच्या पाकाकडे धाव घेतं. हेच परासरण. पण डिल पिकलमधल्या पेशी केव्हाच मेलेल्या असतात. व्हिनेगरने आणि बरणी टिकावी म्हणून दिलेल्या उष्णतेने ती पटलं निकामी केलेली असतात. दारावरचा पहारेकरीच उरलेला नाही. शिल्लक आहे ती पेशीभित्तीतल्या सेल्युलोज आणि पेक्टिन या तंतुमय पदार्थांची जाळी, आणि तिच्या भोकांतून साखरेचा रेणू आरामात जातो.

मग चकती आक्रसली का? कारण दार उघडं असलं तरी दारातून जाणारे सगळे सारख्या चपळाईचे नसतात. पाण्याचा रेणूभार १८, साखरेचा ३४२. बाहेर दाट पाक आहे म्हटल्यावर पाणी भराभर निघून जातं, साखर मात्र रेंगाळत आत येते. मधल्या काळात रिकामी झालेली जाळी बसते आणि एकदा बसलेली जाळी पूर्वीसारखी फुगत नाही. म्हणून साखर हप्त्याने द्यायची. अर्धा किलो निथळलेल्या चकत्यांना अर्धा किलो साखर धरली, तर पहिल्या दिवशी निम्मी आणि दोन दिवसांनी उरलेली. काकडीत पाणीच इतकं असतं की वरून थेंबही घालावा लागत नाही. कोरडी साखर काही तासांत ओली होते आणि संध्याकाळपर्यंत बरणीच्या तळाशी पाक साचलेला दिसतो.

चकती किती जाड कापायची, हा प्रश्न स्वयंपाकाचा वाटतो, पण त्याचं उत्तर भौतिकशास्त्राकडे आहे. रेणू सरळ रेषेत चालत नाहीत. धक्के खात, भरकटत पुढे सरकतात. त्यामुळे अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो. साध्या पाण्यात, २५ अंश सेल्सिअसला, साखरेला ३ मिलिमीटर आत पोचायला साधारण ५ तास लागतात. म्हणजे ६ मिलिमीटर जाडीची चकती दोन्ही बाजूंनी साखर घेत असेल, तर तिच्या मध्यापर्यंत पोचायला एवढा वेळ. फ्रीजमध्ये हाच वेग जवळपास निम्मा होतो आणि काकडीची जाळी तो आणखी कमी करते, तेव्हा एक-दोन दिवस सहज जातात. आता ३ सेंटिमीटर जाडीची अख्खी काकडी घ्या. अंतर पाचपट, म्हणून वेळ ढोबळमानाने पंचवीसपट, आणि वरून सालीचा मेणचट अडसर. अख्ख्या काकडीत साखर मुरवायचा नाद मी सोडून दिला आहे.

साखरपाण्याच्या या संथ चालीने एकेकाळी फार मोठं काम केलं. १८५५ मध्ये जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ आडोल्फ फिक यांनी विसरणाचे, म्हणजे रेणू असे भरकटत पसरण्याचे, नियम मांडले. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी झुरिक विद्यापीठाला दिलेला डॉक्टरेटचा प्रबंध चक्क साखरेच्या द्रावणावर होता. साखर पाण्यात किती वेगाने पसरते आणि साखरेमुळे पाणी किती दाट होतं, या दोन गोष्टींवरून त्यांनी साखरेच्या रेणूचा आकार काढला. त्या काळी रेणू खरोखर असतात की नाही यावरच वाद चालू होता. गंमत म्हणजे त्या प्रबंधात गणिताची एक चूक राहिली होती. ती दुरुस्त व्हायला १९११ उजाडलं.

खारटपणाचा हिशेबही या चालीतच आहे. मीठ साखरेच्या साधारण तिप्पट वेगाने पसरतं आणि व्हिनेगरमधलं आम्ल दुपटीहून जास्त. पण बरणी बंद असल्यामुळे ते जातं कुठे? चकतीतून निघून पाकात, एवढंच. ज्यांना फार खारट नको असेल त्यांनी साखर घालण्याआधी चकत्या तासभर गार पाण्यात ठेवाव्यात. मिठाबरोबर आम्लही धुतलं जातं, म्हणून नंतर थोडं व्हिनेगर घालायला विसरू नये. जिभेला फसवणं साखरेला जमतं, आम्ल कमी करणं जमत नाही. चकती कमी आंबट लागते ती मेंदूत दोन चवी एकमेकींना दाबतात म्हणून. पाकाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (जितकं कमी तितकं आंबट), साखरेमुळे बदलत नाही, आणि तेच बरं. पीएच ४.६ च्या खाली असला की बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूंना डोकं वर काढता येत नाही.

तरीही बरणी फ्रीजमध्येच हवी. मधात साखर सुमारे ८० टक्के असते, म्हणून तो बाहेर टिकतो. आपला पाक जेमतेम निम्म्यावर असतो. बुरशीला आणि गोडखाऊ यीस्टला एवढ्या साखरेची फारशी अडचण वाटत नाही.

कुरकुरीतपणाचं श्रेय मात्र आपलं नाही. बरणीच्या लेबलवर कॅल्शियम क्लोराइड लिहिलेलं आहे का बघा. कॅल्शियम पेक्टिनच्या साखळ्या एकमेकींना बांधून ठेवतं. माझ्या उकळत्या पाकाने या बांधणीवरही घाव घातला असणार.

आणि ती काचेसारखी झाक? मुरलेल्या काकडीचा हिरवा रंग आधीच मळकट झालेला असतो, कारण आम्ल हरितद्रव्यातला मॅग्नेशियम काढून घेतं. पण चकती अपारदर्शक दिसते ती तिच्यातल्या हवेच्या बारीक पोकळ्यांमुळे आणि पेशीभित्ती व पाणी यांच्या सीमेवर प्रकाश विखुरल्यामुळे. पाक आत भरला की पोकळ्या बुजतात. शिवाय पाकाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची क्षमता, पाण्यापेक्षा पेशीभित्तीच्या अधिक जवळ असतो, त्यामुळे प्रकाश विखुरण्याऐवजी आरपार जातो. चौथ्या दिवशी एक चकती काट्यावर धरून खिडकीकडे बघा. कडा उजळलेली असेल आणि मध्ये अजून धुरकट ठिपका असेल. साखर कुठवर पोचली ते तिथे दिसतं.

बरणी रोज एकदा उलटी करायची. पाक जड असल्याने तळाशी बसतो आणि चकत्या वर, पातळ रसात तरंगत राहतात. उलटी केली की दाट पाक खाली येताना रसात रेघोट्या उमटतात. मी चाखून बघायचं हल्ली सोडलं आहे. आत साखर भरत गेली की चकत्या जड होतात आणि एकेक करून खाली बसू लागतात. बहुतेक चकत्या तळाला गेल्या की बरणी उघडतो.